कोडवरून नाव कसं आणायचं? एक्सेल, कॅल्क आणि ॲक्सेस वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएसटीचं सेल्स रजिस्टर असो, पतसंस्थेची शाखानिहाय यादी असो की जिल्हावार आकडेवारी, फाइलमध्ये असतो कोड आणि साहेबांना हवं असतं नाव. २७ दिसला की शेजारी ‘महाराष्ट्र’ यायला हवं, ३० दिसला की ‘गोवा’. काम दोन मिनिटांचं वाटतं, पण बहुतेक ऑफिसांत ते वर्षानुवर्षं चुकीचं चालू असतं आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. हे पान त्यासाठी आहे.

एक आधीच सांगतो. इथे फंक्शनची नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत, मशीनवर ती रोमनमध्ये आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. कॅल्कमध्ये काही सेटिंगला स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो, तेवढं बघून घ्या.

फाइलमध्ये सरळ नावच लिहिलं तर काय बिघडलं? कोडची भानगड कशाला?

नाव माणूस लिहितो, आणि दोन माणसं एकच नाव दोन तऱ्हांनी लिहितात. एकाच रजिस्टरमध्ये ‘ओरिसा’, ‘ओडिशा’ आणि ‘ओडिसा’ सापडतात, मग पिव्होट टेबल केलं की एका राज्याच्या तीन ओळी. २१ मात्र सगळे २१च लिहितात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नावं बदलतात, कोड सहसा बदलत नाही. पाँडिचेरीचं २००६ मध्ये पुदुच्चेरी झालं, उत्तरांचलचं २००७ मध्ये उत्तराखंड, ओरिसाचं २०११ मध्ये ओडिशा. आपल्याकडे २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, नंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांच्या फाइलमध्ये नाव कोंबलेलं होतं, त्यांनी हजारो ओळींवर ‘फाइंड-रिप्लेस’ चालवलं, आणि ‘औरंगाबाद रोड’ असलेले पत्तेसुद्धा बदलून बसले. ज्यांच्याकडे कोड होता त्यांनी यादीतला एक सेल बदलला.

म्हणून डेटात कोड ठेवायचा, नाव एकाच यादीत ठेवायचं, आणि बाकी सगळीकडे ते नाव फॉर्म्युल्याने दाखवायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

त्याच फाइलमध्ये वेगळी शीट घ्या, नाव द्या ‘कोड’. पहिल्या कॉलममध्ये कोड, दुसऱ्यात नाव. एक्सेलमध्ये ती यादी सिलेक्ट करून कंट्रोल-टी दाबा म्हणजे तिचं टेबल होईल. टेबलाला ‘राज्ययादी’ असं काहीतरी नाव द्या. पुढे खाली ओळ वाढवली तरी फॉर्म्युला आपोआप ती धरतो, रेंज हाताने वाढवत बसावी लागत नाही.

मग मुख्य शीटमध्ये:

=व्हीलुकअप(बी२, राज्ययादी, २, ०)

म्हणजे बी२ मधला कोड यादीच्या पहिल्या कॉलममध्ये शोध, सापडला की त्याच ओळीतलं दुसऱ्या कॉलममधलं दे, आणि तंतोतंत जुळला तरच दे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ असेल तर एक्सलुकअप वापरा. त्यात कॉलम मोजावे लागत नाहीत, कोडचा कॉलम नावाच्या उजवीकडे असला तरी चालतं, आणि तंतोतंत जुळणी सांगावी लागत नाही, ती गृहीतच असते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये एक्सलुकअप २४.८ या आवृत्तीपासून आहे. पण ती फाइल सीए साहेबांच्या जुन्या एक्सेल २०१६ वर उघडायची असेल तर व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅचलाच चिकटून राहा. तिथे एक्सलुकअप चालणार नाही, आणि ऐन रिटर्नच्या तारखेला फोन येईल.

व्हीलुकअपच्या शेवटी ० नाही टाकला तरी उत्तर येतंच की?

येतं, आणि तेच धोक्याचं आहे. शेवटचा भाग रिकामा सोडला की एक्सेल ‘साधारण जुळणारं’ शोधतं. म्हणजे कोड सापडला नाही तर त्याच्या अलीकडचा, त्याहून लहान कोड उचलतं. एरर येत नाही. चुकीचं नाव येतं, तेही अगदी खरं वाटणारं.

समजा इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांपुरतीच छोटी यादी केली:

२४ गुजरात
२७ महाराष्ट्र
३० गोवा
३६ तेलंगणा

आता बेळगावचं नवं गिऱ्हाईक आलं. कर्नाटकचा कोड २९. यादीत २९ नाही, त्याच्या अलीकडचा २७ आहे. फॉर्म्युला ‘महाराष्ट्र’ दाखवतो. पुढच्या कॉलममधला फॉर्म्युला हे नाव बघून ठरवतो की बिल राज्यातल्या राज्यात आहे, आणि आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी लावतो. रक्कम तेवढीच, त्यामुळे बिलाची बेरीज बरोबर येते आणि कुणाला संशयही येत नाही. चूक कळते ती रिटर्न भरताना, किंवा बेळगावच्या माणसाला त्याचं क्रेडिट मिळत नाही तेव्हा.

यादी उलटसुलट लावलेली असेल तर हा ‘साधारण’ शोध आणखी काहीही देतो, कारण यादी चढत्या क्रमात आहे असं तो धरून चालतो. कोडसाठी शेवटी ० टाकायचाच. ‘साधारण जुळणी’ इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारख्या कामासाठी ठीक आहे, जिथे मधल्या आकड्याला खालचा टप्पा लागू होतो. राज्यांच्या कोडांना टप्पे नसतात.

कोड डोळ्यांसमोर दिसतोय, यादीतही आहे, तरी हॅश-एन-ए (‘सापडलं नाही’ हा एरर) का येतं?

या पानावरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. दहापैकी नऊ वेळा उत्तर एकच असतं: एका बाजूला २७ हा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘२७’ ही अक्षरं आहेत. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, एक्सेलच्या लेखी दोन्ही वेगळे.

नेहमीचं ठिकाण म्हणजे जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याचा कोड, पुढची दहा पॅन, मग नोंदणीचा क्रम, मग सहसा ‘झेड’, आणि शेवटी तपासणीचं अक्षर. राज्य काढायला लोक =लेफ्ट(ए२, २) लिहितात. लेफ्टमधून जे बाहेर येतं ते नेहमी टेक्स्ट असतं. तुमच्या यादीत मात्र कुणीतरी २७ टाइप करून एंटर मारलेलं, म्हणजे तो नंबर. दोघांची गाठ पडत नाही.

तपासायचं कसं? मोकळ्या सेलमध्ये =आयएसटेक्स्ट(ए२) लिहा, यादीतल्या सेलसाठीही तेच लिहा. एक ‘ट्रू’ आणि एक ‘फॉल्स’ आला की चोर सापडला. नुसत्या डोळ्यांनीही कळतं: अलाइनमेंट बदललेली नसेल तर टेक्स्ट डावीकडे चिकटतो, नंबर उजवीकडे. टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोणही दाखवतं.

दोन्ही बाजू टेक्स्ट असूनही जुळत नसतील तर =लेन(ए२) बघा. दोन अक्षरांच्या कोडची लांबी ३ आली तर मागेपुढे स्पेस आहे. साधी स्पेस ट्रिम फंक्शनने जाते. पण वेबसाइटवरून कॉपी करून आणलेल्या यादीत बऱ्याचदा वेगळीच स्पेस असते, तिचा क्रमांक १६०, आणि ट्रिम तिला हातही लावत नाही. ती सब्स्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) देऊन काढावी लागते. ट्रिम लावूनही लांबी ३च राहिली की हीच स्पेस समजा.

मग कोड नंबर ठेवायचा की टेक्स्ट?

टेक्स्ट. माझा नियम सरळ आहे: ज्याची बेरीज किंवा सरासरी काढायची नाही, तो आकडा दिसत असला तरी टेक्स्ट म्हणूनच ठेवायचा. पिनकोडांची सरासरी कुणी काढत नाही.

यामागचं खरं कारण म्हणजे पुढचं शून्य. जम्मू-काश्मीर ०१ ते उत्तर प्रदेश ०९, हे सगळे जीएसटी कोड नंबर म्हणून टाकले की १ ते ९ होतात. पुण्याचा एसटीडी कोड ०२० चा २० होतो. पण सगळ्यात गमतीदार घोळ एचएसएन कोडमध्ये, म्हणजे जीएसटीत मालाचा प्रकार सांगणाऱ्या कोडमध्ये होतो. सांगलीच्या बाजारपेठेचंच घ्या. हळद ०९१०, बेदाणा ०८०६, दोन्ही शून्याने सुरू होणारे. नंबर म्हणून टाकले की ९१० आणि ८०६ उरतात. आता कुणी पहिले दोन अंक काढून त्यावरून मालाचा प्रकरणनिहाय गोषवारा केला, तर हळद जाते ९१ मध्ये, म्हणजे घड्याळांत, आणि बेदाणा ८० मध्ये, म्हणजे कथील धातूत. लासलगावचा कांदा ०७०३, तो ७० मध्ये, काचेच्या वस्तूंत. डाळी, दूध, मासे, मसाले, चहा, सगळे पहिल्या नऊ प्रकरणांत येतात. किराणावाल्यांना हा त्रास सर्वांत जास्त का होतो ते यावरून कळेल.

मी सेलचा फॉरमॅट ‘००’ करून शून्य परत आणलं. चालेल ना?

छापायला चालेल, शोधायला नाही. फॉरमॅट फक्त वरचा देखावा बदलतो. सेलच्या आत ९च असतो आणि व्हीलुकअप आतलाच ९ बघतो. खरंच ‘०९’ हवं असेल तर शेजारच्या कॉलममध्ये =टेक्स्ट(ए२, "००") लिहून खाली ओढा, मग कॉपी करून पेस्ट-व्हॅल्यूज करा. एचएसएनसाठी चार किंवा सहा शून्यं.

पण एक सावधगिरी. एकाच कॉलममध्ये चार अंकी आणि सहा अंकी एचएसएन मिसळलेले असतील तर आंधळेपणाने सहा शून्यं लावू नका, ९१० चा ०००९१० होईल. आधी लांबीप्रमाणे वेगळे काढा. मूळ कोड सम अंकांचे, त्यामुळे लांबी ३, ५ किंवा ७ आली की एक शून्य हरवलंय हे नक्की.

नवीन फाइल करताना कॉलम आधी टेक्स्ट करायचा आणि मग टायपिंग. उलट क्रमाने केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. बँक खात्याचे लांब क्रमांक असतील तर हे आणखी गंभीर, कारण एक्सेल नंबरमध्ये १५ अंकच जपतं. सोळा अंकी क्रमांक नंबर म्हणून टाकलात तर शेवटचा अंक शून्य झालेला असतो, आणि मूळ कागद हाताशी नसेल तर तो परत मिळवायला मार्ग नाही.

सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले कॉलम असलेली साधी मजकूर फाइल) काढली तर त्यात शून्य आहे, एक्सेलमध्ये उघडली की नाही.

सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. एक्सेल उघडून डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि कोडच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत ऑप्शन्समध्ये डेटाखाली पुढची शून्यं काढू नयेत अशी सोयही आता आहे. कॅल्क या बाबतीत जास्त शहाणं: सीएसव्ही उघडतानाच ते प्रत्येक कॉलमचा प्रकार विचारतं. फक्त विचारलेलं न वाचता ओके दाबायचं नाही.

०३-१२ असा आडवी रेघ असलेला कोड असेल तर तो तारीख होऊन बसतो, तेही याच वाटेने टळतं. हा त्रास आपल्यापुरता नाही. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही जनुकनावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

सीएसव्हीमध्ये मराठी नावांच्या जागी चिन्हं दिसतात.

फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आहे आणि एक्सेलला ते कळलेलं नाही. वर सांगितल्याप्रमाणे डेटा टॅबमधूनच आणा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये यूटीएफ-८ निवडा. स्वतः सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्या, नुसता ‘सीएसव्ही’ नको. नुसत्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

एका ऑपरेटरने कोड देवनागरी आकड्यांत टाकलेत. चालतील?

टेक्स्ट कॉलममध्ये ‘२७’ आणि ‘27’ ही वेगवेगळी अक्षरं आहेत, जुळणार नाहीत. कोडच्या कॉलमवर डेटा व्हॅलिडेशन लावून यादीत असलेलाच कोड स्वीकारायला सांगा, म्हणजे चुकीचा कोड टाइप होतानाच अडवला जाईल. मात्र पेस्ट केलेल्या मजकुराला व्हॅलिडेशन अडवत नाही, हे लक्षात असू द्या.

हॅश-एन-ए वाईट दिसतं म्हणून आयएफएररने रिकामं करून टाकलं. बरोबर?

नाही हो. रिकाम्या सेलमुळे शीट सुंदर दिसते आणि अडचण झाकली जाते. कोड यादीत नाही ही बातमी आहे, ती वर यायला हवी. आयएफएररऐवजी आयएफएनए घ्या, म्हणजे फॉर्म्युल्यातली दुसरी एखादी चूक त्याच पांघरुणाखाली जाणार नाही, आणि रिकाम्याऐवजी ‘यादीत नाही: ४१’ असं कोडसकट दाखवा. वर एका सेलमध्ये अशा ओळी किती ते मोजून ठेवा. तो आकडा शून्य झाल्याशिवाय रिपोर्ट साहेबांकडे पाठवायचा नाही.

यादी न करता इफ-मध्ये-इफ लिहून भागेल का?

दोन-तीन कोड असतील तर भागेल. एक्सेल २००३ पर्यंत सात इफ एकात एक बसायचे, २००७ पासून ६४ बसतात. बसतात म्हणून बसवू नयेत. नाव बदललं की तो फॉर्म्युला जिथे जिथे आहे तिथे तिथे शोधत फिरावं लागतं.

पिनकोडच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य काढता येईल का?

मोह होतो, पण करू नका. ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र असं सगळे धरून चालतात, आणि ४०३ मध्ये फसतात. ४०३ गोवा आहे. टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, त्यामुळे पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या प्रत्येक पत्त्यापुढे तुमचा फॉर्म्युला ‘महाराष्ट्र’ लिहील. ९ ने सुरू होणारे पिन तर लष्कराच्या टपालाचे, त्यांना राज्यच नाही.

पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला तो टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. त्याची आखणी टपालाच्या वाटांची आहे, राज्यांच्या सीमांची नाही. एका पिनखाली अनेक पोस्ट ऑफिसंही असतात, विशेषतः गावांकडे. व्हीलुकअप त्यातलं पहिलं उचलतो आणि थांबतो. म्हणून पिनवरून गाव ‘आणायचं’ नसतं. फार तर पर्याय दाखवून माणसाला निवडायला लावायचं, आणि राज्याचा कोड वेगळ्या कॉलममध्ये ठेवायचा.

जिल्ह्यांचे कोड जुळत नाहीत. दोन सरकारी फाइलींत एकाच जिल्ह्याला वेगळे आकडे आहेत.

कारण याद्याच वेगळ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे ४९७ ते ५३१ या कोडांत येतात: ४९७ नंदुरबार, ५०५ नागपूर, ५१७ ठाणे, ५२१ पुणे, शेवटचा ५३१ सांगली. क्रम भूगोलाप्रमाणे आहे, अकारविल्हे नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीची यादी वेगळी, तिचे कोडही वेगळे. दोन्ही तीन अंकी असल्याने एका यादीचा कोड दुसऱ्या यादीत टाकला तरी एरर येत नाही, भलताच जिल्हा येतो. म्हणून कॉलमचं नाव नुसतं ‘जिल्हा कोड’ ठेवू नका. ‘जिल्हा कोड, जनगणना २०११’ असं लिहा. लांब वाटलं तरी.

राज्यांच्या बाबतीत सुदैवाने गोंधळ कमी आहे. जीएसटीचे बहुतेक राज्यकोड जनगणनेचेच आहेत, महाराष्ट्र दोन्हीकडे २७ आणि गोवा दोन्हीकडे ३०.

जिल्ह्यांत आणखी एक खोच आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या यादीत पालघर नाही, आणि तिथला ५१७ म्हणजे आजचा ठाणे अधिक पालघर. अशा आकड्यापुढे तुम्ही नुसतं ‘ठाणे’ लिहून आजच्या ठाण्याच्या आकड्याशी तुलना केलीत, तर ठाण्याची लोकसंख्या अचानक घटलेली दिसेल. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर होणं आणि ठाण्याचे दोन जिल्हे होणं ह्या वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. पहिल्यात यादीतलं नाव बदललं की काम झालं. दुसऱ्यात कोडचा अर्थच बदलतो, तिथे यादीत ‘ठाणे (पालघरसह)’ असंच लिहावं लागतं.

बंद झालेला कोड यादीतून काढून टाकू का?

कधीच नाही. दमण-दीवचा २५ आणि दादरा-नगर हवेलीचा २६. हे दोन प्रदेश २६ जानेवारी २०२० ला एक झाले आणि दोघांसाठी २६ राहिला. तुम्ही २५ उडवलात तर २०१८ ची बिलं उघडल्यावर त्यांच्यापुढे हॅश-एन-ए येणार. आंध्रचंही तसंच. जुना २८ काही याद्यांत अजून ‘विभाजनापूर्वी’ म्हणून दिसतो, नव्या आंध्र प्रदेशाला ३७, तेलंगणाला ३६, आणि २०१९ मध्ये वेगळ्या झालेल्या लडाखला ३८.

यादीत तिसरा कॉलम घाला: ‘चालू’ किंवा ‘बंद’. नवीन नोंदीच्या ड्रॉपडाउनमध्ये फक्त चालू कोड दाखवा, जुन्या नोंदींना नाव देताना मात्र सगळी यादी वापरा. जुन्या कागदावर त्या वेळचंच नाव छापायची गरज असेल, जसं दाखल्यांच्या दुय्यम प्रतींत, तर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे तारखांचे दोन कॉलम घालून एकाच कोडच्या दोन ओळी ठेवाव्या लागतात. मग साधा व्हीलुकअप पुरत नाही, तारीखही बघावी लागते. खरोखर गरज असेल तरच त्यात पडा.

ड्रॉपडाउनमध्ये नाव दिसावं आणि सेलमध्ये कोड बसावा, असं जमतं का?

एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये नाही. जे निवडाल तेच सेलमध्ये बसतं. दोन पळवाटा आहेत. ड्रॉपडाउनमध्ये ‘२७ महाराष्ट्र’ असं एकत्र दाखवायचं आणि शेजारी लेफ्टने कोड काढायचा. किंवा नाव निवडू द्यायचं आणि शेजारच्या कॉलममध्ये इंडेक्स-मॅचने कोड आणायचा. मला पहिली बरी वाटते, कारण रोज काम करणाऱ्यांना कोड तोंडपाठ होतात आणि यादीत ओळ लगेच सापडते.

ॲक्सेसमध्ये कॉम्बो बॉक्स कसा लावायचा?

इथे ती सोय मुळातच आहे. फॉर्मवर कॉम्बो बॉक्स घ्या, त्याच्या ‘रो सोर्स’ला कोड आणि नाव या दोन कॉलमची क्वेरी द्या. कॉलम काउंट २, बाउंड कॉलम १, कॉलम विड्थ्समध्ये पहिली रुंदी ०. रुंदी शून्य म्हणजे कोड दिसत नाही, पण टेबलात तोच साठतो. समोर नाव दिसतं.

हेच टेबलातल्या फील्डलाच ‘लुकअप’ म्हणून लावायची सोय विझार्ड देतो. ती घेऊ नका. मग टेबल उघडल्यावर नाव दिसतं, आत कोड असतो, आणि क्वेरीत ‘महाराष्ट्र’ टाकून शोधणारा माणूस काहीच का सापडत नाही म्हणून डोकं धरून बसतो. टेबल उघडं-नागडं असू द्या. सजावट फॉर्मवर आणि रिपोर्टवर.

दोन टेबलांत रिलेशन जोडून रेफरेन्शियल इंटिग्रिटी लावली की यादीत नसलेला कोड आत शिरतच नाही. एक्सेल सोडून ॲक्सेसकडे येण्याचं माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

मी व्हीबी डॉट नेट किंवा सी-शार्पमध्ये स्वतःचा प्रोग्राम लिहितोय. कॉम्बोमधून कोड कसा घ्यायचा?

डिस्प्ले मेंबरला नाव, व्हॅल्यू मेंबरला कोड, आणि वाचताना सिलेक्टेड व्हॅल्यू. डेटा सोर्स सगळ्यांत शेवटी द्या. आधी दिलात तर निवड बदलल्याचा इव्हेंट व्हॅल्यू मेंबर ठरण्यापूर्वीच उडतो आणि कोडऐवजी अख्खी ओळच हाती येते.

नवशिके हटकून करतात ती गोष्ट म्हणजे सिलेक्टेड इंडेक्स साठवणं. यादीतला कितवा, हा कोड नव्हे. शून्यापासून मोजलेला तो क्रमांक फक्त त्या दिवशीच्या क्रमाला खरा. उद्या कुणी यादी अकारविल्हे लावली किंवा मध्ये लडाख घातला, की जुन्या नोंदींची राज्यं भलतीच होऊन बसतात. एररबिरर काही येत नाही.

ईनम (प्रोग्राममध्येच लिहिलेली नावं-आकड्यांची ठरावीक यादी) वापरायचा का? बिल कच्चं, पक्कं की रद्द, अशा ज्या कोडांवर तुमच्या प्रोग्रामचं वागणं ठरतं त्यांना ईनम योग्य, पण प्रत्येकाला आकडा स्वतः हाताने द्या, आपोआप पडू देऊ नका. राज्यं, जिल्हे, एचएसएन टेबलात. एक नाव बदललं म्हणून गिऱ्हाइकाकडे नवीन सेटअप घेऊन जाण्यात काय अर्थ आहे?

उलट काम आहे: नाव दिलंय, कोड काढायचाय.

शक्य असेल तर ज्याने फाइल दिली त्याच्याकडे कोड मागा. नसेलच तर वेगवेगळी लेखनं एका टेबलात टाका: ओरिसा २१, ओडिसा २१, ओडिशा २१. दर वेळी नवं लेखन सापडलं की एक ओळ वाढवा. काही महिन्यांत टेबल भरतं.

मराठी नावांत आणखी दोन अडथळे. जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आत रोमन चिन्हं असतात, देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसते. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. आणि युनिकोडमध्येही ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो, एक सबंध अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र चढवून. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. ‘ॲग्रो’ नावाचा तोच व्यापारी यादीत दोनदा येतो तो यामुळे. सब्स्टिट्यूटने सगळे एकाच रूपात आणून मग जुळवा.

लाखभर ओळी झाल्यावर फाइल हँग होते.

बंद झालेल्या महिन्यांच्या फॉर्म्युल्यांचं पेस्ट-व्हॅल्यूज करून टाका, त्यांची नावं आता बदलणार नाहीत. कोडचा कॉलम ठेवायचा, तो उडवायचा नाही. आणि फॉर्म्युल्यात अख्खा कॉलम देऊ नका, टेबलाचं नाव द्या. एवढ्यानेही भागलं नाही तर पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलंच डेटा आणायचं-जोडायचं साधन) दोन टेबलं ‘मर्ज’ करा. तिथेही दोन्ही कॉलमचा प्रकार टेक्स्ट हवा.

यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दहा फाइलींना जोडली तर?

कल्पना चांगली, पण फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर गेली की लिंक तुटते, आणि एक्सेल जुनीच आठवणीतली नावं दाखवत राहतं. सगळे एकाच सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमधून काम करत असतील तर करा. नाहीतर यादीची शीट प्रत्येक फाइलमध्ये कॉपी करा आणि शीटच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या तारखेची ते लिहा. दोन फाइलींत वेगळी नावं दिसली की तारीख बघून कोणती जुनी ते लगेच कळतं.